बांध राहिला तर रानभाजी राहील

पहिला पाऊस पडून आठ-पंधरा दिवस झाले की ठाणे, पालघर, पनवेल, नाशिक इथल्या बाजारांत रस्त्याच्या कडेला बसणाऱ्या बायकांपुढचा माल बदलतो. शेवळांच्या जुड्या येतात, टाकळ्याचे वाटे लागतात, मागोमाग फोडशी, कुर्डू, भारंगी आणि श्रावणाच्या सुमारास करटोली. गिऱ्हाईक कौतुकाने विचारपूस करते, घासाघीस करते आणि जुडी पिशवीत टाकताना मनाशी म्हणते, रानात फुकट उगवणाऱ्या पाल्याचे एवढे पैसे कशाला? पेरणी नाही, खत नाही, पाणी पाऊस देतो. मग कष्ट कसले? माझे म्हणणे असे की, रानभाजीमागे कष्ट आहेत आणि ते साध्या पिकामागच्या कष्टांपेक्षा कमी नाहीत; फक्त ते वर्षभर पसरलेले असतात, म्हणून दिसत नाहीत. लहान शेतकऱ्याचा बांध, पडीक ठेवलेली वरकस जमीन, घरामागचा परस, गावाने राखलेले रान आणि त्या त्या पाल्याची ओळख असलेली घरातली बाई, एवढ्यांच्या जोरावर रानभाजी टिकते. यांतला एक दुवा तुटला की भाजी नाहीशी होते. म्हणून रानभाज्या वाचवायच्या असतील तर वनस्पतींच्या याद्या करून भागणार नाही. ज्या घरसंसारात त्या वाढतात, तो घरसंसार उभा राहिला पाहिजे.

या भाज्या नेमक्या कुठे उगवतात ते आधी पाहू. रानभाजी म्हटले की डोळ्यांपुढे घनदाट जंगल येते, पण बहुतेक रानभाज्यांना माणसाचा वावर असलेली जागा लागते. टाकळा (विदर्भात त्याला तरोटा म्हणतात), कुर्डू, घोळ, तांदुळजा, पाथरी, कुंजर ही सगळी उकरलेल्या, नांगरलेल्या, गुरांनी तुडवलेल्या मातीत येणारी तणे आहेत. फोडशी डोंगरउतारावरच्या मोकळ्या गवताळ जागेत आणि वरकसाच्या कडेला येते. त्या उतारावर दाट झाडी माजली किंवा तो खणून सपाट केला तर ती तिथून जाते. करटोलीचा कंद जमिनीत वर्षानुवर्षे राहतो, पावसाबरोबर त्याला कोंब फुटतो आणि वेल कुंपणाच्या झुडपांवर चढतो. झुडपे तोडून तारेचे कुंपण केले की त्याचा आधार जातो. अळू तर न्हाणीच्या वाहत्या पाण्यावर वाढतो, म्हणजे तो रानातला म्हणावा की घरातला, हेच ठरवता येत नाही. शेवळाला झाडोऱ्याची सावली आणि कुजलेला पाला हवा. या जागांची यादी वाचली तर ती एखाद्या सह्याद्रीतल्या छोट्या शेतघराचा नकाशाच वाटेल: खाली भाताची खाचरे, त्यांचे बांध, वर नाचणी-वरईची वरकस जमीन, तिच्यात काही वर्षांनी पडीक टाकलेला तुकडा, कुंपण, परस आणि पलीकडे लाकूडफाट्याचे रान. माणसाने हा नकाशा पिढ्यान्‌पिढ्या राबून तयार केला आणि त्याच्या कडाकडांना, सांदीकोपऱ्यांना रानभाजी वाढली.

अशा घराच्या रोजच्या दिवसात रानभाजी गोळा करणे हे वेगळे काम म्हणून कधीच नसते. जव्हार-मोखाड्याकडे किंवा अकोले-इगतपुरीच्या डोंगराळ भागात जून ते सप्टेंबर हे चार महिने सर्वांत कष्टाचे. आवण (भाताची रोपे) काढणे, लावणी, मग बेणणी (तण काढणे), मधल्या वेळात गुरे, सरपण, पाणी. नेमक्या याच दिवसांत घरातले गेल्या हंगामाचे धान्य सरत आलेले असते आणि रोकड बियाणे-खतात गेलेली असते. आदिवासी विकास खात्याला खावटीची, म्हणजे खाण्यापुरत्या मदतीची, योजना चालवावी लागली ती याच महिन्यांतल्या टंचाईमुळे. बाजारातली भाजीही पावसाळ्यात महागलेली असते. त्या वेळी बेणायला गेलेली बाई उपटलेल्या तणातला कोवळा कुर्डू, माठ, तांदुळजा वेगळा काढते, लुगड्याच्या ओच्यात भरते आणि घरी आणते. पीकही तणमुक्त झाले आणि कालवणाचीही सोय झाली. गुरे राखणारी मुले करटोली हेरून ठेवतात. लाकडाला गेलेली बाई येताना बांबूचा एखादा कोंब किंवा भारंगीचा पाला घेऊन येते. यासाठी घरखर्चातून एक पैसा जात नाही, पण जागा ठाऊक असावी लागते, वेळ ठाऊक असावी लागते. टाकळा पहिल्या पावसानंतर कोवळा असतानाच गोड. पुढे तो उग्र होतो आणि कोणी त्याच्याकडे पाहत नाही. भारंगीचा पाला कडू, म्हणून तो उकडून, पाणी पिळून टाकून, भिजवलेल्या वालाबरोबर शिजवतात. फोडशी दिसायला गवतच. पात्यांच्या बुडाशी अडकलेली माती धुवावी लागते आणि पांढऱ्या देठातला कडक भाग काढून टाकावा लागतो. हे सगळे ज्ञान हातांत मुरलेले असते आणि ते कामाच्या ओघातच आईकडून लेकीकडे, सासूकडून सुनेकडे जाते.

या ज्ञानाची खोली कळायला शेवळाचे उदाहरण पुरेसे आहे. शेवळ हा सुरणाच्या कुळातला कंद. उन्हाळाभर तो जमिनीत निपचित असतो आणि मृगाच्या आसपास पानाच्या आधी त्याचा फुलोरा वर येतो. बाजारात जुडी बांधून येतो तो हा फुलोरा: बाहेर तपकिरी-जांभळट आवरण आणि आत लांबट दांडा. सुरणाप्रमाणेच यातही कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते जिभेला आणि घशाला टोचतात, म्हणून शेवळ खाजरे. साफ करताना आवरण उलगडून दांड्याच्या खालच्या अंगाचा पिवळट, दाणेदार भाग काढून टाकतात, कारण खाज तिथे जास्त. उरलेले बारीक चिरून काकडाच्या आंबट फळांच्या रसात शिजवले की खाज मरते. काकड हा मोठा वृक्ष. त्याची हिरवी, गोटीएवढी फळे शेवळाच्याच हंगामात तयार होतात आणि जाणती विक्रेती जुडीबरोबर मूठभर काकडही देते. काकडाची झाडे सरपणासाठी किंवा रस्त्यासाठी तुटली, तर शेवळ जमिनीत शाबूत असूनही ताटात येणे अवघड होते. चिंच, आमसूल घालून भागवता येते खरे, पण जुन्या जाणत्या स्वयंपाकिणी काकडासाठी अडून बसतात. एका भाजीसाठी कंद हवा, सावली हवी, वृक्ष हवा आणि या तिघांची सांगड घालणारी बाईही हवी. या जोडणीलाच मी रानभाजी म्हणतो. एकट्या वनस्पतीला नाही.

मराठी घरांना ही गोष्ट एकेकाळी नीट कळत होती, याचे पुरावे आपल्या सणवारांत आहेत. भाद्रपद शुद्ध पंचमीला, ऋषिपंचमीच्या दिवशी, बैलाच्या कष्टाचे काही खायचे नाही असा नेम आहे. नांगराशिवाय आलेल्या भाज्यांची ऋषीची भाजी त्या दिवशी होते आणि तिच्यात अळू, माठ, सुरण, भोपळा असे परसातले आणि कुंपणावरचे सगळे एकत्र येते. आषाढी एकादशीचा उपास सोडताना द्वादशीला वाघाट्याची भाजी करण्याची चाल देशावर अनेक घरांत आहे. मी या रूढींकडे धर्मशास्त्र म्हणून पाहत नाही. शेतकरी समाजाने नांगराबाहेरच्या अन्नाला वर्षाच्या पंचांगात राखीव जागा दिली होती, एवढे त्यावरून स्पष्ट दिसते. वर्षातून एकदा का होईना, प्रत्येक घराला बांधावर काय उगवते आहे याची पाहणी करावी लागत असे. ज्याची पाहणी होते ते राखले जाते, हा साधा व्यवहार त्यामागे होता.

आज तुटते आहे ते नेमके इथे. पहिला घाव तणनाशकाचा. बेणणीची, खुरपणीची मजुरी परवडत नाही आणि माणसे वेळेवर मिळत नाहीत, म्हणून शेतकरी फवारणीकडे वळतो. त्याला दोष देण्याचा हक्क शहरात बसून कोणालाही नाही. पण फवारणीने पिकातले कोवळे खाद्य तण आणि निरुपयोगी तण एकाच दिवशी मरते. वाचलेला पाला खाण्यालायक उरत नाही आणि खुरपता खुरपता पाला वेचण्याचे निमित्तही संपते. मराठवाडा-विदर्भात सलग सोयाबीन आणि कपाशी झाल्यावर घोळ, कुंजर, पाथरी ताटातून कमी झाल्या, त्या याच वाटेने. दुसरा घाव बांधाचा. यंत्र फिरायला अडचण नको म्हणून बांध कोरले जातात, दगडी ताली मोडतात, कुंपणाची झुडपे जातात. तिसरा घाव गायरानाचा. सरकारी दप्तरात पडीक म्हणून नोंदलेली जमीन कुठल्याही प्रकल्पाला सहज देता येते, कारण तिच्यावर कोणाचे पीक उभे नसते. तिच्यावर चरणारी गुरे आणि तिच्यातून निघणारा पाला यांची नोंद कुठल्याच उताऱ्यावर नाही. चढणीवरच्या गवताळ जागेत खड्डे घेऊन सरसकट झाडे लावण्यालाही आपण पर्यावरणाचे काम समजतो, पण फोडशीला ती मोकळी जागाच हवी असते.

रानावरचा हक्क हाही या गोष्टीचा भाग आहे. इंग्रज सरकारने १८७८ च्या वन कायद्याने जंगले राखीव केली आणि गावाचे रान सरकारचे झाले. मुंबई इलाख्यात १८९२ साली मोहाच्या फुलांवर निर्बंध घालणारा कायदा झाला. दारूवरचे उत्पन्न बुडू नये हा त्यामागचा हिशेब होता आणि फुले वाळवून अन्न म्हणून वापरणाऱ्या घरांना त्याची झळ बसली. हा अन्याय दूर करण्याचा प्रयत्न २००६ च्या वनहक्क कायद्याने केला. गौण वनोपज गोळा करणे, वापरणे आणि विकणे हा वनवासी कुटुंबांचा मालकी हक्क आहे, असे हा कायदा सांगतो आणि त्यात औषधी वनस्पती, कंद, मुळे, मध, बांबू हे सारे येते. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि रान राखायचे कसे, त्यातून घ्यायचे किती, हे ग्रामसभा स्वतः ठरवू शकते हे दिसून आले. माझ्या दृष्टीने रानभाजीच्या प्रश्नातले हे सर्वांत मोलाचे उदाहरण आहे. उद्या हे रान आपल्याकडे राहील याची खात्री असेल, तरच माणूस आज कंद जमिनीत ठेवतो. खात्री नसेल तर जो आधी पोचेल तो खणून नेतो.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा की, हे सगळे गरिबीचे अन्न आहे. पोटाला दुसरे काही नव्हते म्हणून लोकांनी पाला खाल्ला आणि आता त्याचे गोडवे गाणे म्हणजे दारिद्र्याचे कौतुक. हा आक्षेप मनाला लावून घेण्यासारखा आहे. रानातला पाला खाणारे म्हणून आदिवासी मुलांना शाळेत ऐकावे लागते आणि काही घरांनी त्या लाजेपायीच या भाज्या सोडल्या आहेत. पण हीच शेवळे मुंबई-ठाण्याच्या चांद्रसेनीय कायस्थ प्रभू आणि पाठारे प्रभू घरांत सोडे किंवा कोलंबी घालून वर्षातले पक्वान्न म्हणून होतात. वनस्पती एकच, एका घरी ती चैन आणि दुसऱ्या घरी ती लाज. दोष भाजीत नाही. तो दुसरे काही खाण्याची सोय नसण्यात आहे. ती सोय झालीच पाहिजे. रेशनचे धान्य, खावटी, रोजगार हमीचे काम यांना रानभाजी हा पर्याय कधीच होऊ शकत नाही आणि रानात खायला मिळते म्हणून ही मदत आखडती घ्यावी असे कोणी म्हणू लागले तर त्याला ठाम विरोध करायला हवा. धान्याने पोट भरते. पण ताटात पालेभाजी, शेंग, फुलोरा, कंद असे वैविध्य लागते आणि ते विकत घेण्याची ऐपत ज्या घरात नाही, तिथे बांधावरची भाजी पावसाळ्याचे तीन-चार महिने ही उणीव भरून काढते. राज्याचे पोट रानभाजीवर भरेल असा दावा मी करत नाही. लहान घराच्या ताटातला एक मोठा आधार विनाकारण काढून घेऊ नये, इतकेच माझे म्हणणे आहे.

दुसरा आक्षेप डॉक्टरांकडून येतो आणि तोही योग्य आहे. रानभाज्यांच्या नावाखाली मधुमेहापासून सांधेदुखीपर्यंत सगळ्यांवर उपाय सांगणारे फलक हल्ली सर्रास दिसतात. त्यांतल्या बहुतेकांना भक्कम पुरावा नाही. घोळीच्या पानांत इतर पालेभाज्यांच्या तुलनेत ओमेगा-३ प्रकारची स्निग्धाम्ले बरीच असतात हे खरे, पण त्याच घोळीत ऑक्झलेटही भरपूर असते, म्हणून मूतखड्याचा त्रास असलेल्यांनी ती जपूनच खावी. विषारी वनस्पतींचा धोका तर खराच आहे. पावसाळ्यात कुंपणावर लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलणारी कळलावी दिसायला मोहक. तिच्या कंदात कोल्चिसिन हे जहाल विष असते आणि खाण्याजोगा कंद समजून तो खाल्ल्याने माणसे दगावल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. काही कडू कंद राखेच्या पाण्यात उकळून, काप वाहत्या पाण्यात ठेवून मगच खाण्यालायक होतात. मोबाइलवरचे छायाचित्र पाहून पाला खुडणे धोक्याचे आहे. महामार्गाच्या कडेचा टाकळा किंवा सांडपाण्याच्या नाल्यातली नाळीची भाजी ओळखू आली तरी खाऊ नये. या सगळ्या धोक्यांवरून मी उलट एकच निष्कर्ष काढतो: जाणकार माणसाला पर्याय नाही. विषारी काय, खाजरे काय, कुठला भाग टाकायचा, किती वेळ उकळायचे हे ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पारखले, त्या बायकांचे ज्ञान मोडीत निघाले तर धोका वाढेल.

तिसरा मुद्दा बाजाराचा. अलीकडच्या वर्षांत कृषी विभाग आणि स्थानिक संस्था ऑगस्टच्या सुमारास ठिकठिकाणी रानभाजी महोत्सव भरवतात. त्यातून भाज्यांना मान मिळाला, बायकांच्या हाती दोन पैसे आले आणि मुलांची लाज काही अंशी गेली. हे मोठे काम आहे. तरी सगळे बाजारावरच सोडावे असे मला वाटत नाही. घर थोडे थोडे अनेक ठिकाणांहून घेते. बाजाराला एकच वस्तू, एकाच मापात, भरपूर हवी असते. सफेद मुसळीची गोष्ट यासाठी लक्षात ठेवावी. फोडशीच्याच कुळातली ही वनस्पती. तिच्या शास्त्रीय नावात मुंबईच्या बोरिवलीचे नाव आहे. पाने खुडली तर मूळ जमिनीत राहते आणि पुढच्या पावसात झाड पुन्हा येते. औषधाच्या बाजाराला मात्र मुळेच हवी होती आणि ती खणून खणून कित्येक रानांतून ही वनस्पती विरळ झाली. मग लागवड का करू नये, असे कोणी विचारेल. जिथे जमेल तिथे जरूर करावी. करटोलीची करतातच, जरी तिच्यात नर आणि मादी वेल वेगळे असल्याने बियांपासून लावताना फळ धरणारे वेल किती निघतील हे आधी कळत नाही. पण लागवड झाली की ती भाजी विकत घेणाऱ्याची होते. ज्या भूमिहीन घराला ती बांधावर फुकट मिळत होती, त्याच्या ताटात ती त्यामुळे परत येत नाही.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना गावरान बियाण्यांच्या जतनासाठी २०२० सालची पद्मश्री जाहीर झाली आणि घरातल्या बाईने राखलेल्या वाणांना देशाने मान दिला. वाल, घेवडा, भात यांचे बी राखेत घोळून, मडक्यात भरून वर्षभर ठेवता येते. शेवळ, फोडशी, भारंगी यांची जपणूक अशी मडक्यात होत नाही. त्यांना त्यांची जागाच लागते. म्हणून करायच्या गोष्टीही जागेच्याच आहेत. तणनाशक मारायचेच असेल तर बांध आणि त्यालगतची पट्टी सोडावी. रोजगार हमीतून बांधबंदिस्ती करताना झुडपांसह बांध उभे करावेत. गायरान कोणाला देण्याआधी गावातल्या बायकांना विचारून तिथून काय काय मिळते याची यादी ग्रामसभेत वाचली जावी. २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली लोक जैवविविधता नोंदवहीची तरतूद आहेच. ती कचेरीत बसून भरण्याऐवजी बांधावर, जाणत्या बायकांच्या सांगण्यावरून भरावी आणि त्या कामाचे त्यांना मानधन द्यावे. शाळांच्या परसबागेत पालक-मेथीच्या वाफ्याशेजारी एक कोपरा न खुरपता ठेवून त्यात काय उगवते हे मुलांना गावातल्या आजीकडून शिकवता येईल. सामूहिक वनहक्काचे दावे निकाली काढणे हे तर सरकारचे कर्तव्यच आहे. यातल्या कुठल्याही गोष्टीला मोठा निधी लागत नाही. पडीक दिसणारी जमीन कोणाच्या तरी स्वयंपाकघराचा भाग आहे हे मान्य करावे लागते, आणि शहरातल्या गिऱ्हाइकापासून मंत्रालयापर्यंत आपण सर्वांनी ते मान्य करावे.